डेमोकर

सायकल विकत घ्यायला आलेला माणूस दुकानातून अर्ध्या तासात मोकळा होतो. रंग बघतो, किंमत बघतो, जरासा कळवळतो आणि कार्ड काढून देतो. डेमोकर मात्र दुकान उघडायच्या आधीच दाराशी हजर असतो आणि पोरं दिवे मालवायला लागली तरी हलत नाही. कारण त्याला सायकल घ्यायचीच नसते. त्याला ती चालवून बघायची असते.

डेमोकर हे अर्थातच त्याचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव अस्सल पुणेरी आहे. सिॲटलच्या पूर्वेकडे रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश या पट्ट्यात सॉफ्टवेअरवर पोट भरणारी मराठी घरं एवढी आहेत, की ते इथं छापलं तर यंदा गणपतीच्या आरतीला माझ्या हातात कोणी झांजा देणार नाही. या पट्ट्याला खेटूनच इसाक्वा गाव आहे आणि त्याच्या उशाला टायगर माउंटन. आठवडाभर स्क्रीनकडे बघून थकलेली मंडळी शनिवारी त्या डोंगराकडे निघतात. कोणी पायी, कोणी सायकलवर. डेमोकर दुसऱ्याच्या सायकलवर.

तीही साधी नव्हे. त्याला लागते एन्ड्युरो, आणि त्यातही लांब ट्रॅव्हलची. एन्ड्युरो हा मुळात शर्यतीचा प्रकार. डोंगर चढायचा आपल्याच पायांनी, पण घड्याळ लावतात ते फक्त उतारांना. चढून ठरलेल्या वेळेत वर पोचलात की झालं, किती धापा टाकल्या हे कोणी विचारत नाही. फ्रान्स आणि इटलीच्या डोंगरांत हा खेळ रुजला. 2013 मध्ये इटलीतल्या पुन्ता आला इथून त्याची जागतिक मालिका सुरू झाली आणि पहिल्या वर्षी फ्रान्सचा जेरोम क्लेमेंत्झ जिंकला. डेमोकरला हे सगळं तोंडपाठ आहे. ज्या खेळात चढ मोजत नाहीत तो खेळ शहाण्या माणसांनी काढलेला असणार, असं त्याचं प्रामाणिक मत आहे.

या खेळासाठी बनलेली सायकल म्हणजे पुढचं-मागचं चाक 160 ते 180 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, वरखाली होऊ शकणारी. यालाच ट्रॅव्हल म्हणतात. चाकं 29 इंची, हँडल दारातून आत नेताना तिरकं करावं लागेल एवढं रुंद, वजन पंधरा किलोच्या आसपास. पुढचा फोर्क असा रेललेला असतो, की जेवणानंतर आरामखुर्चीत बसलेल्या सासऱ्यांसारखे त्याचे पाय पुढे पसरलेले दिसतात. या रेलण्याचा कोन म्हणजे हेड अँगल. उतारावर हेच रेलणं कामाला येतं, कारण चाक बरंच पुढे असल्यामुळे माणूस सहजी हँडलवरून पुढे उडत नाही. सपाटीला आणि हळू चढाला मात्र तेच चाक डावी-उजवीकडे लोळायला लागतं. किंमत पाच हजार डॉलरपासून दहा हजारांपर्यंत. पुढेही जाते, पण तिथं डेमोकरसुद्धा आवाज खाली आणतो.

एकदा व्हिडिओ कॉलवर त्यानं आईला अशी एक सायकल दाखवली. कोथरूडहून प्रश्न आला, केवढ्याची? त्यानं रुपयांत सांगितलं, सहा-साडेसहा लाख. माउली क्षणभर गप्प झाली.

"स्टँड कुठंय रे हिचा?"

"आई, हिला स्टँड नसतो."

"आणि मडगार्ड? कॅरियर? चेनकव्हर? घंटी तरी?"

"नसतं गं यातलं काही."

"बरं, पेडल तरी देतात का?"

डेमोकर खोटं बोलला असता तर विषय मिटला असता. पण या बाबतीत तो सत्यवचनी आहे. "महागड्या सायकलींना पेडल येत नाहीत. ती आपली आपण घ्यायची असतात." त्यावर आईनं फोन वडिलांच्या हातात दिला.

वडिलांची यात मोठी भूमिका आहे. त्यांनी बजाज चेतकचा नंबर लावला तेव्हा डेमोकर जन्मालाही यायचा होता. स्कूटर दारात आली तेव्हा तो पुढे उभा राहून भोंगा वाजवण्याच्या वयाचा झाला होता. त्या काळात दहा-दहा वर्षं थांबणारी माणसं होती. डीलरकडून पत्र आलं, वडील गेले, समोर जी होती ती घेऊन आले. चालवून बघितली का, असं विचारणारा माणूस त्या काळात वेड्यात निघाला असता. रंग मिळेल तो आपला. सुरू झाली नाही तर डाव्या बाजूला कलंडवायची आणि पुन्हा किक मारायची. त्या घरात वाढलेला मुलगा अशा देशात येऊन पडला जिथं माणसं गादीवर महिनोन्‌महिने झोपून ती परत करतात. शिवाय वस्तू विनातक्रार परत घेण्यासाठी नावाजलेल्या कॉस्टकोचं मुख्यालयच त्याच्या घराजवळ, इसाक्वामध्ये. वडिलांच्या वाट्याला न आलेल्या सगळ्या चाचण्या हा मुलगा एकटा उरकतोय, असं मला कधीकधी वाटतं.

डेमोची रीत अशी. दिवसाचे शंभर-सव्वाशे डॉलर भरायचे, क्रेडिट कार्ड ठेवायचं, मोडतोड झाली तर भरपाई देईन अशा कागदावर सही करायची. पुढे सायकल विकत घेतली तर भरलेले पैसे किमतीतून वजा होतात. हे शेवटचं कलम डेमोकरला फार प्रिय आहे. आपण पैसे खर्च करत नसून साठवतोय, अशी त्यानं त्यावरून स्वतःची खात्री करून घेतलीय. सही करण्याआधी तो कागद अथपासून इतिपर्यंत वाचतो. ओरखडा कशाला म्हणायचं, याची व्याख्या विचारतो. मग सायकलभोवती प्रदक्षिणा घालत आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढतो. भाड्याच्या घरात शिरताना लोक भिंतींचे काढतात तेवढे.

मग सॅग. माणूस गुपचूप सायकलवर बसला की सस्पेन्शन त्याच्या वजनानं थोडं दबतं. फोर्कच्या नळीवर एक रबरी कडं असतं, ते दबण्याबरोबर सरकतं आणि किती दबलं ते दाखवतं. एन्ड्युरोला मागे साधारण 25 ते 30 टक्के दबलं पाहिजे, पुढे त्याहून थोडं कमी. त्यासाठी दुकानातलं पोरगं आधी वजन विचारतं, त्या हिशेबानं हवा भरतं आणि मग बसायला सांगतं.

"वजन?"

"एकशे साठ पाउंड."

पोरगं तेवढी हवा भरतं. डेमोकर भिंतीला कोपर टेकून बसतो. कडं सरकतं, आणि सरकतच राहतं. हव्या त्या खुणेच्या बरंच पुढे जाऊन थांबतं. पोरगं कड्याकडे बघतं, डेमोकर छताकडे बघतो.

"पाठीवरच्या पिशवीत पाणी आहे," डेमोकर म्हणतो.

कड्याच्या हिशेबानं त्या पिशवीत चौदा लिटर पाणी असायला हवं. पोरगं सभ्य आहे. काही न बोलता पंप लावतं आणि कडं जागेवर येईपर्यंत हवा मारत राहतं. पुढच्या मोसमात पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. दरम्यान डेमोकरचे कल्ले पांढरे झाले, मुलगी कॉलेजात गेली, वजन मात्र एकशे साठवर अढळ आहे.

पहिली फेरी तो बहुधा डूथी हिलला काढतो. हे काउंटीचं सायकल पार्क. मध्ये मोकळं मैदान, निवाऱ्याला छप्पर आणि तिथून झाडीत चहूकडे फुटलेल्या वाटा. जंगल सुंदर आहे. सूचिपर्णी झाडांखाली नेचे पसरलेले, पाऊस पडून गेल्यावर माती काळी आणि चाकाला धरून ठेवणारी. पण डोंगर म्हणाल तर टेकडीच. 170 मिलिमीटरचं धूड तिथं कशाला, असं विचारलं तर त्याची दोन कारणं आहेत. पहिलं डेमोकर सांगतो, सायकलचा स्वभाव सौम्य वाटेवरच कळतो. दुसरं कारण तो देत नाही, मी सांगतो: टायगरला गाडी लावायला राज्याचा डिस्कव्हर पास लागतो, डूथीला पार्किंग फुकट आहे.

तिथल्या बूटकॅम्प नावाच्या नवशिक्यांच्या वाटेवर तो जेव्हा गुडघ्यांना ढालींसारखे पॅड, हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट आणि डोळ्यांवर गॉगल चढवून निघतो, तेव्हा काहीतरी भयंकर घडणार असं वाटतं. मागून आवाज येतो, "ऑन युअर लेफ्ट!" आणि सात-आठ वर्षांची एक मुलगी फ्रॉक उडवत डावीकडून पुढे निघून जाते. डेमोकर विचलित होत नाही. थांबतो, टायरमधली हवा अंगठ्यानं दाबून बघतो आणि म्हणतो, "रोलिंग रेझिस्टन्स जास्त आहे."

हे त्याचं वाक्य नीट ऐका, कारण अख्खा डेमोकर त्यात आहे. डेमोच्या सायकलवर बसलेला माणूस कधीही चुकत नसतो. वळण हुकलं तर हँडल रुंद, मुळावरून घसरला तर टायरचं रबर कडक, उडी आखूड पडली तर रिबाउंड मंद. चढाला दम लागला तर मागच्या त्रिकोणाची भूमिती. सायकल घरी आणून तिच्यावर आपलं नाव लागलं की हे सगळे दरवाजे बंद होतात. मग उरतो आपण, आपलं पोट आणि आपली भीती. डेमोकर बुद्धिमान माणूस आहे. त्यानं हे फार पूर्वी ओळखलं असावं.

मागच्या शॉकवर एक छोटी कळ असते. चढताना ती फिरवली की शॉक जवळजवळ घट्ट होतो आणि पेडल मारताना सायकल हेलकावत नाही. वर पोचल्यावर ती आठवणीनं मोकळी करायची. एकदा टायगरला डेमोकरनं चढाच्या सुरुवातीला ती शास्त्रोक्त फिरवली. वर पोचल्यावर आम्ही सगळे चिवडा खात असताना यंत्र-विषयावर त्याचं निरूपण चाललं होतं आणि कळ जिथं होती तिथंच राहिली. मग उतार. मुळं, दगड, पुन्हा मुळं. खाली आला तेव्हा त्याच्या गॉगलमधून फक्त प्रश्नचिन्हं दिसत होती.

दुकानात परत गेल्यावर पोरानं उत्साहानं विचारलं, कशी वाटली? डेमोकरनं फोनमध्ये टिपणं काढली होती, ती वाचायला घेतली. मागचा शॉक बारीक धक्के घेत नाही. मधला टप्पा कोरडा. मोठ्या आघाताला तळ गाठत नाही, हा गुण मानावा की दोष, यावर विचार चालू आहे. चौथा-पाचवा मणका दुखतोय. पोरगं ऐकता ऐकता खाली वाकलं, शॉककडे बघितलं आणि दोन बोटांनी कळ मागे केली. टिक.

तो टिक दुकानभर ऐकू गेला. कॅश काउंटरच्या बाईंनीही मान वर केली.

"बरोबर," डेमोकर म्हणाला. "मी हेच म्हणणार होतो. ती कळ बसल्या बसल्या दिसत नाही. डिझाइनमध्ये दोष आहे."

टायगरवर प्रिडेटर नावाची एक वाट आहे. उभी, मुळांनी विणलेली, सुरुवातीलाच काळ्या हिऱ्यांची, म्हणजे अतिअवघडची, पाटी लावलेली. ज्या सायकलीविषयी आपण बोलतोय ती अशाच वाटेसाठी जन्माला येते. डेमोकर प्रत्येक डेमोवर प्रिडेटरच्या तोंडाशी जातो. थांबतो. बटण दाबून सीट खाली करतो, वर करतो, पुन्हा खाली करतो. वाकून बघतो. "हेड अँगल या उताराला अगदी बरोबर आहे," असा निर्वाळा देतो. मग घड्याळ बघतो. "उजेड कमी झालाय." दुपारचा एक वाजलेला असतो. डग्लस फरच्या सावलीत उजेड कमीच असतो, हे मान्य करायला हवं. मग आलो त्याच खडीच्या रस्त्यानं आम्ही खाली येतो आणि संध्याकाळी त्याच्या तक्त्यात त्या सायकलीपुढे नोंद पडते: प्रिडेटर, पाहणी केली, समाधानकारक.

तो तक्ता हा स्वतंत्र विषय आहे. एक्सेलमध्ये आहे, रकान्यांना भारांक आहेत, सरासरी दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत निघते. शेवटच्या रकान्याचं नाव 'मन'. त्या रकान्याला सर्वांत कमी भारांक. तक्त्याच्या जुन्या पानांवर गेलात तर सायकलीचा इतिहासच हाती लागतो. 26 इंची चाकं गेली, साडेसत्तावीस आली, मग 29 आली, मग पुढे 29 आणि मागे साडेसत्तावीस अशी खिचडी. मागच्या हबची रुंदी 142 मिलिमीटरवरून 148 झाली. फोर्कच्या नळ्या 36 वरून 38 झाल्या. हेड अँगल 67 अंशांवरून पडत पडत 63-64 वर आला. दर वेळी डेमोकर निर्णयाच्या अगदी उंबरठ्यावर होता आणि दर वेळी कंपन्यांनी काहीतरी बदललं. "बघ, त्या वेळी घेतली असती तर आज भंगारात गेली असती," तो विजयानं म्हणतो. आमच्यातल्या एकाकडे त्या वेळी घेतलेली 26 इंची आहे. तो दर शनिवारी प्रिडेटर उतरतो. डेमोकर त्याच्याकडे करुणेनं बघतो.

2020 मध्ये साथ आली आणि सगळी अमेरिका सायकली घ्यायला धावली. दुकानं रिकामी झाली, डेमोच्या सायकलीसुद्धा लोकांनी उचलून नेल्या. तो काळ त्याला फार जड गेला. 2023 पर्यंत वारं फिरलं, गोदामं भरून वाहायला लागली, हजारो डॉलरची सूट सुरू झाली. आम्हाला वाटलं, आता घेतो. "अजून उतरेल," तो म्हणाला.

व्हिस्लरला तर तो दर उन्हाळ्यात जातो. तिथं क्रँकवर्क्सच्या जत्रेत कंपन्या तंबू ठोकून नव्या सायकली चालवायला देतात. चार-पाच तास गाडी हाणत कॅनडात जायचं, रांगेत उभं राहायचं, सायकल फिरवून परत द्यायची. परतीच्या वाटेवर सीमेवरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, काय काय घेतलंत? काही नाही. मग गेला कशाला होतात? सायकल बघायला. आवडली नाही? आवडली ना. अधिकाऱ्यानं पासपोर्ट पुन्हा एकदा उलटून बघितला. इतकी निष्पाप उत्तरं देणारा माणूस काहीतरी लपवत असणार, असं त्याला वाटलं असावं. डिकी उघडायला लावली. आत पेडलची एक जोडी होती. स्वतःची.

हसायला सोपं आहे, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या टोळीतल्या बहुतेकांनी त्याच्या सल्ल्यानं सायकली घेतल्या आणि एकालाही पश्चात्ताप झालेला नाही. तुमची उंची, तुमच्या मांड्या, तुमचा स्वभाव आणि तुमची बायको किती सहन करेल, हे सगळं विचारात घेऊन तो नेमकी सायकल सांगतो. त्याचं सॅगचं काम तर दुकानातल्या पोरापेक्षा सरस. दुकानवाले त्याला हाकलत नाहीत ते यासाठीच. त्याच्यापाठोपाठ गिऱ्हाईक येतं हे त्यांना माहीत आहे. दुसऱ्यासाठी सायकल घेताना हा माणूस क्षणात निर्णय देतो. तुम्ही ती घरी आणली, की दुसऱ्या दिवशी हेल्मेट घेऊन दारात उभा राहतो. "एक चक्कर मारू का?"

त्याच्या बायकोनं सूट चालू असताना दुकानात जाऊन मोरपंखी रंगाची एक मध्यम ट्रॅव्हलची सायकल उचलली. रंग आवडला म्हणून. सगळा व्यवहार मुलीचा क्लास सुटायची वाट बघण्यातल्या वेळात झाला. सॅग डेमोकरनं लावून दिला. तिनं वजन खरं सांगितल्यामुळे तो पहिल्या झटक्यात बरोबर बसला. आता ती बुधवारी मैत्रिणींबरोबर जाते. एकदा तिनं त्याच्या तक्त्यातल्या डेमोच्या भाड्यांची बेरीज केली.

"एवढ्यात एक सायकल आली असती की रे."

"ते पैसे किमतीतून वजा होणार आहेत."

"कुठल्या किमतीतून?"

यावर तक्त्यात रकाना नाही.

मोसम संपला की दुकानं डेमोच्या सायकली स्वस्तात काढून टाकतात. गेल्या ऑक्टोबरात त्या पोरानं स्वतः फोन करून डेमोकरला बोलावलं. मीही गेलो होतो. कोपऱ्यात ती उभी होती, 170 मिलिमीटरची, राखाडी, त्याच्या तक्त्यात सर्वांत वरच्या क्रमांकाची. वर्षभर कोणापेक्षाही जास्त वेळा तिच्यावर तोच बसला होता. तिच्यावरचे बरेचसे ओरखडे त्याच्या फोनमध्ये होते आणि उरलेले त्यानंच पाडलेले होते. पोरानं किंमत सांगितली, जवळजवळ निम्मी. भाड्याचे पैसेही वजा करतो म्हणाला. मॅनेजरला विचारून पेडलसुद्धा देतो म्हणाला. माझ्या छातीत धडधडायला लागलं. डेमोकरनं सीट वर केली, खाली केली. ब्रेक दाबले. मागचं चाक उचलून फिरवलं आणि त्याच्या हबची घरघर कान देऊन ऐकली. मग मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाला,

"सायकल उत्तम आहे रे. पण डेमोची आहे. असल्या सायकली लोक वाटेल तशा हाणतात. आपल्या थोड्याच आहेत म्हणून."

मी काही बोलायच्या आत तो पोराकडे वळला आणि खिशातून कार्ड काढलं. पोराचे डोळे चमकले.

"आलोच आहे, तर आजच्या दिवसापुरती घेऊन जातो."